घरची शाळा, परसातली बाग

(शेतकी विभागाकडून)



गळीत हंगाम संपला. गाड्यांच्या रांगा हटल्या, तोडणीवाले आपापल्या गावी गेले, गव्हाण शांत झाली. कारखान्यात आता दुरुस्तीची कामे चालू आहेत आणि शिवारात पाण्याची धावपळ. याच दिवसांत शाळांना सुटी लागते. दीड महिना पोरे घरी असतात आणि त्यांचे करायचे काय, हा प्रश्न दर घरात पडतो.

गटातून फिरताना उन्हाळ्यात दोन गोष्टी आमच्या नजरेत भरतात. पहिली ही, की चार-पाच एकर उसाचा धनी आठवडी बाजारातून मेथीची जुडी आणि पावशेर मिरची पिशवीत घालून घरी येतो. उसाने आपल्याला पक्की घरे दिली, मुलांची शिक्षणे केली, हे खरेच. पण ऊस घराच्या भिंतीपर्यंत आला आणि परसातले वाफे गेले. आपल्या आयांच्या हाताखालची गवार, दोडका, अळू आता विकत येते. दुसरी गोष्ट, नववी-दहावीतल्या पोराला त्याच्याच रानाचा गट नंबर विचारला तर तो बापाच्या तोंडाकडे पाहतो. हुशार पोर असते, मार्क चांगले असतात. पण घरच्या उसाची जात कोणती, लावण कधीची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि त्यानेही विचारलेले नसते.

कृष्णाकाठच्या एका गावात आम्ही याहून वेगळे घर पाहिले. त्याची हकीकत सभासदांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

कोण ही मंडळी

नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. घरातले वडीलधारे आपले जुने सभासद. गाव त्यांना अप्पा म्हणते. अडीच एकर रान, त्यात दोन एकर ऊस. मुलगा पुण्यास एका कंपनीत हिशेबाचे काम करी. २०२० साली करोनाने शाळा बंद पडल्या, मुलाचे काम घरून सुरू झाले आणि मंडळी गावी आली. नात तेव्हा सात-आठ वर्षांची, नातू नुकता चालायला लागलेला. पुढे शाळा उघडल्या. पण तोवर सूनबाईंनी मुलीला घरीच शिकवायला घेतले होते आणि तिचे शिकणे चांगले चालले होते. त्या विज्ञानाच्या पदवीधर. नवराबायकोने ठरवले, की असेच चालू द्यावे. आज नात तेरा वर्षांची आणि नातू आठचा आहे. नातवाने शाळेच्या बाकावर एक दिवसही काढलेला नाही.

अप्पांना हे पटले नव्हते. आम्हाला बांधावर गाठून म्हणाले होते, "सायब, तुमी तरी सांगा त्यास्नी. पोरगी अडाणी ऱ्हायली तर लोक मला इचारतील."

लोक विचारतातच. म्हणून कायद्याचे थोडक्यात सांगतो. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. घरी शिकवण्यासाठी त्यात वेगळे कलम नाही. परीक्षेसाठी मात्र केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. ती १९८९ साली निघाली. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शाळेत न जाता तिच्यामार्फत दहावीला बसता येते. अप्पांची नात त्याच तयारीत आहे.

उन्हाळ्यातला दिवस

या घरच्या शाळेला मोठी सुटी नाही. उन्हाळ्यात फक्त वेळा बदलतात. पहाटे साडेपाचला पोरे परसात असतात. सूर्य वर यायच्या आत भाजी तोडायची, पाणी द्यायचे, किडकी पाने काढायची. आठला भाकरी-भाजीची न्याहारी. नऊ ते साडेअकरा पुस्तके. ती आपल्या सगळ्यांच्या घरी असतात तीच, बालभारतीची. दुपारी कोणी बाहेर पडायचे नाही. ताक, पन्हे, थोडी झोप, नाहीतर वाचन. चारनंतर पुन्हा परस आणि सहानंतर गल्लीतल्या पोरांबरोबर खेळ. एवढाच त्यांचा दिवस. आम्ही तीन-चार वेळा वेगवेगळ्या वाराला गेलो, दर वेळी थोडाफार असाच दिसला.

वाळवणाच्या दिवसांत पुस्तके मागे पडतात. आजी कुरडईसाठी गहू भिजत घालतात, तीन दिवस रोज पाणी बदलतात, मग वाटून, गाळून चीक काढतात. नात भिजवण्याआधी गहू तोलते आणि शेवटी वाळलेल्या कुरडया तोलते. चोथा किती गेला, चीक तळाला का बसतो, वरचे पाणी का ओतायचे, हे सूनबाई तिथेच समजावून सांगतात. आजीला 'स्टार्च' हा शब्द ठाऊक नाही, पण चीक शिजला की नाही हे पळी उचलताच कळते. पोरीला दोन्ही ठाऊक होत आहे.

एक गुंठ्याची बाग

घरामागे एक गुंठा जागा बागेला सोडली आहे. त्यासाठी अप्पांना उसाच्या चार सऱ्या मोडाव्या लागल्या. हे त्यांनी खुशीने केले नव्हते.

बागेची आखणी सांगण्याजोगी आहे. पश्चिमेच्या कडेला शेवगा आणि केळी, म्हणजे दुपारनंतरचे तापलेले ऊन अडते. त्या सावलीत कोथिंबीर आणि आले. मधल्या वाफ्यांत भेंडी, गवार, चवळी, तांबडा माठ. एका बाजूला मांडव करून त्यावर दोडका आणि कारले. न्हाणीचे सांडपाणी चर काढून केळी, कर्दळ आणि अळूला सोडले आहे. कडेला कढीपत्ता, लिंबू, दोन पपया. साऱ्या वाफ्यांवर उसाच्या पाचटाचे चार बोटे आच्छादन. एरवी आपण काडी ओढून जाळतो तेच पाचट.

माठ महिन्याच्या आत खाण्याजोगा होतो. भेंडी दीड महिन्यात तोड्याला येते आणि एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते. गवारीला त्याहून थोडा जास्त वेळ. हे सारे मुलांनी वहीत लिहिले आहे. कोणत्या तारखेला बी टोकले, किती दिवसांनी उगवले, पहिला तोडा कधी, किती किलो. बाजाराच्या दिवशी गावातला भाव विचारून शेजारी रक्कम मांडायची, हे नातवाचे काम. गुणाकार तो असाच शिकला.

भेंडीवर केवडा दिसला, की ते झाड उपटून लांब नेऊन पुरायचे, हा नियम. पांढरी माशी तो रोग पसरवते हे नातू आपल्याला बोटाने दाखवून सांगतो. फवारणीला घरचा निंबोळी अर्क वापरतात. पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर फडक्यात बांधून भिजवायच्या, सकाळी पिळून एक लिटर पाणी करायचे, त्यात थोडा साबणचुरा घालायचा. हा झाला पाच टक्के अर्क. 'टक्के' म्हणजे काय, हे फळ्यावर समजावण्यापेक्षा इथे लवकर समजते. मे अखेरपासून झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, धुऊन, सावलीत वाळवून वर्षाची बेगमी करतात.

अप्पांची साखळी

अप्पांचा विरोध कसा नरमला तेही ऐकण्यासारखे आहे. नात क्षेत्रफळाची गणिते करीत बसली होती. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे तिने पाठ केले होते. अप्पा ओसरीवरून म्हणाले, "एक हजार एकोणनव्वदच का, ते सांग." तिला येईना. तेव्हा अप्पा उठले, दोरी काढली आणि परसात मोजणी सुरू केली. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी लांब आणि साखळी रुंद म्हणजे गुंठा. ३३ गुणिले ३३. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. त्या दुपारी अप्पांनी नातवंडांकडून घर, गोठा, परस सगळे मोजून घेतले. दुसऱ्या दिवशी सात-बाराचा उतारा काढून दाखवला. गट नंबर कुठे, क्षेत्र कुठे, पोटखराबा म्हणजे काय, इतर हक्कात सोसायटीचा बोजा कसा चढतो. असा धडा देणारा मास्तर घरात बसूनच होता.

पाण्याचा हिशेबही मुलांनी केला आहे. गुंठ्याचे झाले सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०१ लिटर. मेच्या उन्हात भाजीला रोज पाच मिलिमीटर धरले तर ५०० लिटरच्या वर जाते, म्हणजे पंधरा लिटरच्या तेहतीस-चौतीस बादल्या. पाचट घातल्यावर ओल टिकते, म्हणून मुलगी रोज बोट खुपसून पाहते आणि मगच पाणी सोडते. वळवाचा पाऊस आला, की नातू सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवतो आणि पट्टी बुडवून मिलिमीटर मोजतो.

मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्या कृष्णाकाठी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी नाहीशी होते. पुण्यास हाच दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो. अंगणात काठी रोवून मुलांनी हे पाहिले. अप्पांनी इतकी वर्षे त्याच उन्हात दारे मोडली, पण सावली गेलेली पाहिली ती नातवंडांच्या काठीवर.

दोन डब्यांचा धडा

आता ज्या गोष्टीमुळे हे सारे सभासदांपुढे मांडावेसे वाटले, ती सांगतो. मुलीने तेलाचे दोन सारखे डबे घेतले. एकाच्या बुडाला भोके पाडली, दुसऱ्याला नाही. दोन्हीत रानातली सारखी माती भरली, चवळी लावली आणि विहिरीचे सारखेच भरपूर पाणी रोज घातले. भोकाच्या डब्यातली चवळी वाढली. बिनभोकाच्या डब्यातली पिवळी पडून बसली. पुढे पाणी तोडल्यावर त्या डब्यात मातीच्या वर पांढरी साय धरली. पोरीने आईला विचारले, हे मीठ कुठून आले? पाण्यातच विरघळलेले होते. पाणी उन्हाने उडाले, क्षार वर राहिले.

अप्पा डबा हातात घेऊन बराच वेळ बसले. त्यांच्या ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांत असाच पांढरा थर आहे. तिथला ऊस वर्षानुवर्षे खुजा राहतो. पाटाने भरपूर पाणी दिले म्हणजे ऊस भरपूर येतो, हीच त्यांची आयुष्यभराची समजूत, आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हे. कृष्णाकाठची कितीतरी जमीन अशीच अतिपाण्याने आणि निचऱ्याअभावी क्षारपड झाली आहे. आमच्या विभागाने मेळाव्यांतून हे अनेकदा सांगितले. अप्पा त्या मेळाव्यांना हजर असत. पण डबा नातीने दाखवला तेव्हा त्यांनी आम्हाला बोलावणे पाठवले.

मे महिन्यात रान कोरडे असताना मातीचा नमुना घ्यायचे ठरले. तो मुलांनीच घेतला. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी 'व्ही' आकाराचा ३० सेंटिमीटर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती, सगळी एकत्र कालवून चार भाग, समोरासमोरचे दोन भाग टाकायचे, असे अर्धा किलो राहीपर्यंत. अहवालाप्रमाणे त्या तुकड्यात चर काढून निचऱ्याला वाट दिली, पावसाच्या तोंडावर धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडला आणि वरच्या रानाला ठिबक केले. दहा गुंठे एका वर्षात सुधारत नाहीत. अजून कडेला पांढरे दिसतेच. पण बिघाड पुढे सरकायचा थांबला आहे.

उसातले धडे

सुरू उसात उन्हाळ्यात खोडकिडा येतो. नात पाच जागी वीस-वीस कोंब मोजते आणि शंभरात किती पोंगे वाळलेत ते लिहिते. हलका पोंगा उपसून येतो आणि त्याला घाण वास येतो, ही खूण. ट्रायकोकार्ड संध्याकाळी पानाच्या मागे टाचायचे काम दोघे भावंडे करतात. कार्डातून निघणारी सूक्ष्म मित्रकीड किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते, हे ऐकून नातू दोन दिवस भिंग घेऊन फिरत होता.

वळीव पडला, की हुमणीचे भुंगेरे सांजेला जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते, तेव्हा एका रात्रीत शंभर माद्या मारल्या तर किती हुमण्या वाचल्या, हे गणित पोरे तोंडी करतात. गेल्या हंगामात त्यांच्याबरोबर गल्लीतली बारा-पंधरा पोरेही बॅटऱ्या घेऊन होती.

अडचणी

एवढे वाचून कोणी उद्या मुलांचे दाखले काढायला जाऊ नये. या घरची परिस्थिती वेगळी आहे. आई पदवीधर आहे, बाप घरून काम करतो, आजी-आजोबा हाताशी आहेत. तरी सगळ्यांत जास्त भार सूनबाईंवर पडतो. त्या म्हणाल्या, "साहेब, शाळेच्या बाईंना संध्याकाळी सुटी तरी असते."

सोबतीचा प्रश्न आहेच. उन्हाळाभर हे परस पोरांनी गजबजलेले असते. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, गल्लीतली पोरे दप्तरे घेऊन जातात, आणि धाकटा दिवसभर कुंपणापाशी रेंगाळतो. यंदा त्याने शाळेत जायचे म्हटले आहे. आई-बापांनी नाही म्हटलेले नाही. मुलीला प्रयोगशाळा लागेल, गणिताला पुढे शिकवणी लागेल. तिची दहावी व्हायची आहे, तेव्हा या शाळेचा निकाल अजून लागलेला नाही. अप्पांची काळजीही पुरती गेलेली नाही. पण आता ते "अडाणी" हा शब्द काढत नाहीत.

हे काही नवे नाही

हाताच्या कामातून शिक्षण, हा विचार आपल्या मातीतलाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले आणि पुढे गुराख्या पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणे जपले म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अप्पांच्या घरी आजीने राखेत जपलेले दोडक्याचे बी आता नातीच्या बाटलीत आहे, वर चिठ्ठी लावून.

सभासदांनी काय करावे

आपली मुले शाळेत जातात, ती जाऊ द्यावीत. मात्र या सुटीत पुढील गोष्टी कोणत्याही घरी होऊ शकतात.

१. घराजवळ एक गुंठा, निदान चार वाफे, भाजीला सोडावेत. माठ, चवळी, भेंडी आजही टोकता येईल. मृगात भोपळा, दोडका, कारले लावावे. पाचट जाळू नये, वाफ्यावर घालावे.

२. मुलाच्या हाती एक वही द्यावी. तारीख, पाणी, तोडा, भाव त्याने लिहावा.

३. सात-बारा आणि आपल्या ऊसनोंदीची पावती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. मुलगा असो की मुलगी, दोघांकडूनही. कुरडईचा चीक एकट्या मुलीने ढवळायचा आणि साखळी एकट्या मुलाने धरायची, असे करू नये.

४. वळवानंतर भुंगेरे गोळा करण्यास सारी गल्ली एकाच वेळी निघावी. एका घराने करून भागत नाही. मुलांबरोबर मोठे माणूस असावे.

५. औषधांचे डबे, फवारणीचा पंप, विहीर आणि मोटारीचा स्टार्टर यांपासून मुलांना दूर ठेवावे. दुपारी बारा ते चार त्यांना रानात नेऊ नये.

६. ज्यांच्या रानात पांढरे फुटले आहे किंवा ऊस पट्ट्यापट्ट्याने खुजा राहतो, त्यांनी पाऊस लागण्यापूर्वी मातीचा नमुना द्यावा. पिशव्या गट कार्यालयात ठेवल्या आहेत.

नमुना घेऊन येताना पोराला किंवा पोरीला बरोबर आणावे. गट नंबर, क्षेत्र आणि मागचे पीक यांची चिठ्ठी आम्ही त्यांच्याच हाताने लिहून घेऊ.